रविवारचे तुकडे काळे का?

नबीलालभाईंच्या दुकानात थर्मामीटर एकच उरला होता आणि गिऱ्हाइकं दोन होती.

दुकान लक्ष्मीपुरीतल्या एका बोळात. काचेच्या नळ्या, चंचुपात्रं, तराजू, झाकणाच्या बाटल्या असं प्रयोगशाळेचं सामान तिथे मिळतं. अनुजा एका दूध संघाच्या प्रयोगशाळेत कामाला होती. मूळची मुरगूडची, नोकरीपायी कोल्हापुरात मावशीकडे राहणारी. दिवसभर दुधाचे नमुने तपासायचे, फॅट काढायची, तापमान लिहायचं. आदल्या दिवशी थर्मामीटर फुटला तो शेजारच्या टेबलावरच्या मुलीच्या हातून, पण आणायला मात्र अनुजाला पाठवलं होतं. त्यामुळे ती आधीच जराशी तापलेली होती.

दुसरं गिऱ्हाईक काउंटरला टेकून चहा पीत होतं. सत्ताविशीचा, सावळा, उंच. खांद्याला कापडी पिशवी, शर्टाच्या खिशावर गुलाबी शाईचा डाग, आणि चेहऱ्यावर असा आनंद, की जणू याला आत्ताच कुणीतरी चांगली बातमी दिलीय.

"एकच हाय," नबीलालभाई म्हणाले. "पावणं आधी आलेत, ताई जुन्या गिऱ्हाईक. आता तुमचं तुमी ठरवा."

"त्यांना द्या की," तो म्हणाला. "मला तसा लागत न्हाय. बोटाला कळतंय."

झालं. अनुजाला जगातलं पुष्कळ काही चालायचं, पण 'बोटाला कळतंय' चालायचं नाही.

"काय कळतं बोटाला?"

"पान्याचं तापमान." तो तिच्याकडे वळला. "आमचं वडील गुळव्या हायत, कसबा बावड्यात. रस आटला का न्हाय ते गोळी वळून नुसत्या बोटानं सांगत्यात. चाळीस वर्सं झाली, एक काहील बिघडली न्हाय. ते रक्तातच हाय."

अनुजानं काउंटरवरचा पाण्याचा ग्लास त्याच्यापुढे सरकवला. "सांगा मग."

त्यानं चहाचा कप खाली ठेवला, त्याच हाताचं बोट ग्लासात बुडवलं आणि डोळे मिटले. डोळे मिटण्याची काही गरज नव्हती. पापण्या मात्र लांब होत्या, हे अनुजाच्या नको तेवढं लक्षात आलं.

"वीस. लई तर एकवीस."

अनुजानं थर्मामीटर सोडला. तिघंही वाकली. पंचवीस.

"आता दुसऱ्या हाताचं घाला."

त्यानं घातलं. चेहरा बदलला. "हे... चोवीस वाटतंय की."

"ग्लास तोच, पाणी तेच. त्या हातात गरम कप होता, म्हणून पाणी गार लागलं. बोट खोटं बोलत नाही, पण मगाशी काय धरलं होतं ते विसरतही नाही." मग तिला राहवलं नाही. "कशासाठी हवं होतं तापमान?"

त्यानं पिशवीतून एक पाकीट काढलं आणि त्यातून फिल्मच्या दोन पट्ट्या. एक कोळशासारखी काळी, दुसरी पाणी घातलेल्या ताकासारखी. दोन्ही फोटो एकाच गुऱ्हाळातले, एकाच उजेडातले, एकाच कॅमेऱ्यातले होते. घरीच धुतलेले.

त्याचं नाव जोतीराम. दिवसा फ्लेक्सच्या दुकानात वाढदिवसाचे बोर्ड बनवायचा आणि उरलेल्या वेळात जुन्या कॅमेऱ्यानं कृष्णधवल फोटो काढायचा. पाडव्याला गूळ महोत्सव होता. तिथे भिंतीवर दहा गुळव्यांचे दहा फोटो लागणार होते. दहा माणसं, दहा रोल. पाच धुऊन झाले होते आणि पाचही पाच तऱ्हेचे निघाले होते. ते त्यानं छापताना कसेबसे सावरले. आता पाच राहिले होते.

"त्यातला एक वडलांचा हाय," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज खाली आला. "शेवटच्या काहिलीचा. गुऱ्हाळ बंद केलं आमी या महिन्यात. रस आटवायची काहील पन इकली. तो रोल बिघडला तर... परत काढू, असं म्हनताच यायचं न्हाय."

"मग बाहेर धुवायला द्या की कुणाला."

"जीव होत न्हाय."

अनुजानं थर्मामीटर कागदात गुंडाळला आणि त्याच्या पिशवीत टाकला. "आमच्याकडे अजून पाच आहेत. नबीलालभाई, मी गुरुवारी येते नवा न्यायला." मग जोतीरामला म्हणाली, "पण एक अट आहे. जे कराल ते लिहायचं. किती गार, किती वेळ, किती हलवलं. आणि वडलांच्या रोलला आत्ता हात लावायचा नाही."

"मग कशाला लावू?"

"नमुन्याला. रविवारी येते मी. पत्ता सांगा."

बोळातून बाहेर पडल्यावर तिला कळलं, की आपण एका अनोळखी माणसाच्या घरी जायचं स्वतःच ठरवून आलो. त्यानं बोलावलंसुद्धा नव्हतं. कानांच्या पाळ्या गरम झाल्या होत्या, आणि त्या मोजायला जवळ थर्मामीटर नव्हता.

रविवारी सकाळी कसबा बावड्यातल्या त्या घरी तिचं स्वागत आकारामदादांनी केलं. जोतीरामचे वडील. पांढरेशुभ्र केस, दंडाला अजून पीळ, तळहात घोरपडीच्या पाठीसारखे. त्यांनी तिला वरून खालपर्यंत पाहिलं.

"तुमीच व्हय पाऱ्याचा काटा लावून बघनाऱ्या? आमच्या गुळाला कधी काटा लागला न्हाय."

"तुम्हाला चाळीस वर्षं मिळाली दादा," अनुजा म्हणाली. "ह्यांना पाडव्यापर्यंतच आहेत."

दादा खो-खो हसले आणि आत चहा सांगायला गेले.

तिचा बेत साधा होता. अंगणात काळं घोंगडं, त्यावर गुळाची ढेप, शेजारी पांढरं धोतर. जोतीरामनं एकाच उजेडात त्याचेच छत्तीस फोटो काढले. मग न्हाणीचं दार बंद करून, फटी चादरीनं बुजवून, मिट्ट अंधारात त्या रोलचे सहा तुकडे केले. प्रत्येक तुकडा वेगवेगळ्या दिवशी धुवायचा, पण अगदी सारखा. फिल्म धुवायचं औषध वीस अंशांवर. नळाचं पाणी अठ्ठावीस होतं, म्हणून घमेल्यात बर्फ टाकून फिल्मचा उजेडबंद डबा त्यात ठेवायचा. वेळ नऊ मिनिटं. दर मिनिटाला डबा चारदा उलटासुलटा करायचा, ना कमी ना जास्त. सहाही तुकडे सारखे निघाले, की समजायचं हात बसला. मगच वडलांचा रोल.

"आणि सारखे न्हाय निघाले तर?"

"तर काय बदललं ते शोधायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आम्ही दुधाचं असंच करतो."

"दुधाचं नशीब लई भारी हाय मग," तो पुटपुटला, आणि तिला ऐकू गेलं नाही असं तिनं दाखवलं.

पहिला तुकडा धुताना ती न्हाणीच्या दारात पाटावर बसली होती. आत तो डबा हलवत होता, मोबाइल मिनिटं मोजत होता, आणि दोघं अखंड बोलत होती. मुरगूडचा बाजार, जोतिबाच्या डोंगरावर त्यानं धुक्यात घालवलेला अख्खा रोल, आणि एकाच बोर्डावर दोन भाऊंचे फोटो टाकताना कुणाचं डोकं मोठं करायचं यावरून दुकानात झालेली भांडणं. अनुजा इतकी हसली, की तिला पदर नसताना पदर सावरावासा वाटला. औषध ओतून टाकलं, चित्र पक्कं करणारा हायपो घातला, पाण्यानं खळखळून धुतलं. मग त्यानं डब्यातल्या चकरीवरून फिल्म उलगडली आणि त्या ओल्या पट्टीवर ढेप दिसली तेव्हा दोघं एकदमच ओरडली. आतून दादांनी विचारलं, काय पडलं का.

बुधवारी त्यानं दुसरा तुकडा एकट्यानं धुतला आणि पट्टीचा फोटो पाठवला. सुंदर होता. घोंगड्याचा धागान् धागा मोजावा. पुढच्या रविवारी तिसरा तुकडा तिच्यासमोर धुतला, आणि दोघांनी तिन्ही तुकडे खिडकीच्या काचेवर शेजारी शेजारी लावले.

रविवारचे दोन काळे. बुधवारचा एकटा छान.

"काहीतरी रविवारीच होतंय," अनुजा म्हणाली. तिचे डोळे चमकले. तिला अशी कोडी फार आवडायची. "रविवारी काय वेगळं असतं तुमच्याकडे?"

जोतीराम तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं नजर घमेल्याकडे वळवली. "रविवारी आमी टाकी घासतो. त्या दिवशी बोअरचं पानी असतं."

"जड पाणी." अनुजानं चुटकी वाजवली. "हेच. चौथा तुकडा बुधवारीच धुवा, पण ह्या रविवारच्या पाण्यात. कॅन भरून ठेवा."

घरी जाताना बसच्या खिडकीशी बसून ती स्वतःशीच हसत होती, आणि मग हसायचं थांबली. कारण असलं हसू तिनं आधी एकदा हसून पाहिलं होतं. गेल्या वर्षी एक स्थळ आलं होतं, बँकेतला. पहिल्या महिन्यात दिवसाला चाळीस मेसेज, दुसऱ्यात दहा, तिसऱ्यात 'कामात आहे', आणि मग तेही नाही. तेव्हापासून पहिल्या दिवसाच्या उत्साहाला अनुजा भाव देत नसे. दूध सकाळी सगळंच ताजं असतं, खरं काय ते संध्याकाळी कळतं, असं ती मैत्रिणींना सांगायची. आणि आता हा जोतीराम... हा तर नुसता उत्साहच होता, डोक्यापासून पायापर्यंत. किती दिवस टिकायचा?

बुधवारी फोटो आला. बोअरच्या पाण्यातला चौथा तुकडा. आणि तो सुंदर होता.

पाणी निर्दोष सुटलं. अनुजाला रात्रभर दुसरं कारण सुचलं नाही, आणि पाडव्याला दहा दिवस उरले होते.

तिसऱ्या रविवारी ती आली ती ठरवून. आज बोलायचं नाही. आज नुसतं बघायचं.

"आज तब्येत बरी न्हाय काय?" जोतीरामनं विचारलं.

तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि पाट ओढून थेट त्याच्यासमोर बसली. त्यानं औषधात थर्मामीटर धरला. वीस. बरोबर. डब्यात ओतलं. मोबाइल सुरू केला. पहिलं मिनिट भरलं, त्यानं डबा उचलला आणि उलटासुलटा करू लागला. एक, दोन, तीन, चार... पाच... सहा... सात. मग खाली ठेवला.

अनुजा मनात मोजत राहिली. दुसरं मिनिट. सात. तिसरं. पुन्हा सात. तो डब्याकडे बघतच नव्हता. तो तिच्याकडे बघत होता, आणि हात आपले चालले होते, जरा जोरातच.

नऊ मिनिटं झाली. फिल्म धुऊन, पुसून खिडकीशी टांगली. काळी.

"किती वेळा हलवायचं ठरलं होतं?" अनुजानं हळूच विचारलं.

"चार."

"किती वेळा हलवलं?"

"चारच की."

"सात. दर मिनिटाला सात. मी मोजलंय." ती उठून उभी राहिली. "बुधवारी चार आणि रविवारी सात, असं का? रविवारी काय वेगळं असतं, जोतीराम?"

त्यानं हातातला पंचा घडी केला, मग ती घडी मोडली. बाहेर कुणाच्या तरी रेडिओवर बातम्या लागल्या होत्या.

"तुमी," तो म्हणाला.

छातीत काहीतरी एवढ्या जोरानं हललं, की आता मोजायला बसायचं तर सातावर भागलं नसतं.

"मला मागच्याच रविवारी कळलंतं," तो पुढे म्हणाला, आता थांबायचं नाही असं ठरवल्यासारखा. "हात ऐकत न्हाय माझं. तुमी दारात बसला की हे असं... भरल्यासारखं होतंय सगळं. ते पान्याचं मी उगंच सांगितलं."

"उगंच? तीन आठवडे गेले! वडलांचा रोल तसाच पडलाय, पाडवा तोंडावर आलाय, आणि मी इकडे पाण्याच्या मागे लागलेय वेड्यासारखी. खरं का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुमी म्हनला असता, बरं, मग मी येत न्हाय. आन ते बरोबरच झालं असतं." त्यानं मान वर केली. "चुकलो मी. तुमी जावा. वडलांचा रोल मी बुधवारी एकटाच धुतो. बुधवारी चुकत न्हाय, ते तर तुमीच दाखवलंय."

बरोबर होतं त्याचं. हिशेबानं तेच शहाणपणाचं होतं. अनुजानं पर्स उचलली. दारापर्यंत गेली. तिथे खिडकीच्या काचेवर पाच तुकडे उजेडात लटकत होते, आणि सवयीनं तिचं लक्ष त्यांच्याकडे गेलं.

ती परत फिरली. पर्स खाली ठेवली. रविवारचे तीन तुकडे तिनं काढून घेतले आणि एकावर एक धरून बघितले. मग शेजारी शेजारी. मग परत एकावर एक.

आजवर ती फक्त एवढंच बघत आली होती, की हे बुधवारच्यांसारखे नाहीत. हे तिन्ही एकमेकांसारखे आहेत का, हे तिनं पाहिलंच नव्हतं. आणि ते होते. घोंगडं तेवढंच दाट, धोतर तेवढंच काळंभोर. पहिल्या रविवारी जेवढं, तेवढंच दुसऱ्या रविवारी, तेवढंच आज. तीन आठवड्यांत त्याचा उत्साह रतीभर उतरला नव्हता.

अनुजाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला त्याचं नवल वाटलं नाही. ती इतकी सुखावली होती, की रडण्यावाचून दुसरं काही करणं तिला जमलं नसतं.

"काय झालं?" जोतीराम घाबरला. "लईच काळं झालंय का?"

"सारखं झालंय," ती म्हणाली. "वडलांचा रोल आजच धुवायचा. माझ्यासमोर."

"ओ, न्हाय न्हाय..."

"ऐका तर. तुम्ही चुकत नाही आहात, तुम्ही दर रविवारी नेमकं तेवढंच जास्त हलवताय. जे ठरलेलं असतं त्याला हिशेबात घेता येतं. हलवणं वाढतं ना, मग वेळ कमी करू. नवाच्या जागी आठ मिनिटं."

"ते मागचं झालं," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "तवा मी बोललो नव्हतो. आता सगळं सांगून बसलोय. आज सातावर ऱ्हातील का हात? दहा झाले तर?"

हे मात्र खरं होतं. अनुजानं विचार केला. मग सहावा, शेवटचा तुकडा त्याच्या हातात ठेवला.

"हा आहे की. आठ मिनिटं ठेवू आणि विचारू त्याला."

ती पुन्हा समोर बसली. ह्या खेपेला ओठांवर बोट नव्हतं. तो हलवत होता, ती मोजत होती, आणि दोघंही एकमेकांकडे इतकं उघड बघत होती, की चहा घेऊन आलेली जोतीरामची आई कप उंबऱ्यावरच ठेवून परत गेली. पहिल्या मिनिटाला सात. चौथ्या मिनिटाला सात. सातव्या मिनिटाला तो कुजबुजला, "हातात हात दिला तर किती होतील?" आणि ती म्हणाली, "डबा खाली पडेल. गप्प हलवा."

सहावा तुकडा खिडकीशी लागला, बुधवारच्या दोघांच्या मधोमध. कुठला कधीचा, ते आता त्या दोघांनाही सांगता आलं नसतं.

मग त्यानं कपाटातून वडलांचा रोल आणला. न्हाणीचं दार लागलं. अंधारात फिल्म चकरीवर चढवताना त्याचा श्वास दाराबाहेर तिला ऐकू येत होता. दार उघडलं तेव्हा डबा त्याच्या हातात होता. औषध वीस. आठ मिनिटं. सात, सात, सात. अनुजानं आयुष्यात हजारो नमुने तपासले होते, पण एवढा देव तिनं कधी आठवला नव्हता. ओतलं. हायपो. पाणी. आणखी पाणी.

"उघडा," ती म्हणाली.

"तुमी उघडा."

तिनंच उघडलं. ओली फिल्म हळूहळू उलगडत वर गेली, आणि काहिलीवरची वाफ दिसली. वाफेतला प्रत्येक पदर वेगळा. त्या वाफेत वाकलेला माणूस, आणि गोळी वळायला पाण्याच्या तांब्यावर धरलेली त्याची बोटं, बोटांच्या पेरांवरच्या भेगासुद्धा. एकही फ्रेम काळी नाही, एकही फिकी नाही. छत्तीसच्या छत्तीस.

जोतीराम खाली बसला. तिथेच, न्हाणीच्या ओल्या फरशीवर. "आला," एवढंच तो म्हणाला. तीनचारदा म्हणाला. अनुजा फिल्म उंच धरून उभी होती. तिनं दुसरा हात खाली केला, आणि त्यानं तो धरला. आता काहीच पडणार नव्हतं.

आवाज ऐकून दादा आले. हात सुटले, पण जरा उशिरानं. दादांनी चष्मा चढवला आणि उजेडाकडे धरलेल्या फिल्मवर आपलं रूप बारकाईनं पाहिलं. निगेटिव्हमध्ये पांढऱ्याचं काळं होतं.

"हे बरं हाय," ते म्हणाले. "केस काळं करून दिलं माझं."

कुणी हसलं नाही, कारण दादा पुढे वाकून त्या बोटांकडेच बघत राहिले होते. मग त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला, डोळे पुसायचे होते ते तसेच राहिले.

"अजून चार रोल हायत न्हवं धुवायचं?" त्यांनी अनुजाला विचारलं. "मग परत कवा येनार, पावणं? रविवारी?"

अनुजानं जोतीरामकडे पाहिलं. तो भिंतीला टेकून उभा होता, कोपरापर्यंत ओला, आणि श्वास रोखून तिच्या तोंडाकडे बघत होता.

"उद्या," ती म्हणाली.

"उद्या सोमवार हाय की."

"व्हय दादा. म्हाईत हाय."